ओरडू नकोस, नीट बोल

"बाबा, फाइल कुठं ठेवलीत?" "काय?" "फाइल. फाइल कुठं ठेवलीत?" "काय म्हणतेस? जरा मोठ्यानं बोल की." मग ती मोठ्यानं बोलते आणि बाबांचा चेहरा कसनुसा होतो. "अगं, ओरडतेस कशाला? मी काय बहिरा आहे?" कान तपासायला नंबर लावून बसलेल्या बापलेकीतलं हे बोलणं. जिथं कानाची तपासणी होते, तिथं बाहेरच्या बाकावर ते थोड्याफार फरकानं ऐकू येतंच. मुलीला वाटतं, बाबा हटवादी झालेत, हवं तेवढंच त्यांना ऐकू येतं. बाबांना वाटतं, हल्ली कुणाला धड बोलताच येत नाही, सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. दोघंही आपल्या परीनं खरं सांगत असतात. खटकतं ते वेगळंच. "मोठ्यानं बोल" आणि "ओरडतेस कशाला" यांत पाच सेकंदांचंही अंतर नसतं. सगळे आवाज सारखेच हळू झाले असते, तर मोठ्यानं बोलल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. तो मिटत नाही, उलट चिघळतो. म्हणजे कानात बिघडलंय ते नुसतं आवाजाचं प्रमाण नाही, दुसरंच काहीतरी आहे.

ते दुसरं काहीतरी शोधायला कानाच्या पडद्याच्या आणि तीन हाडांच्या पलीकडे, कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीत जावं लागतं. अडीच-पावणेतीन वेढ्यांची ही नळी उलगडून सरळ केली तर साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास भरते. तिच्या आत लांबीभर एक पातळ पटल ताणलेलं असतं आणि त्यावर कोर्टीचं अंग, म्हणजे १८५१ मध्ये अल्फोन्सो कोर्टीनं वर्णन केलेली पेशींची रांग. या रांगेतल्या ज्या पेशींमुळे आपण ऐकतो, त्या रोमपेशी. आतल्या बाजूला त्यांची एक ओळ, सुमारे ३,५०० पेशींची. बाहेरच्या बाजूला तीन ओळी, मिळून सुमारे १२,०००. एका कानाचं एकूण भांडवल एवढंच. डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून जास्त असतात, हे लक्षात घेतलं की कानाची काटकसर जाणवते. शिवाय ही संख्या गर्भातच ठरते. पहिल्या काही महिन्यांत या पेशींचं विभाजन थांबतं आणि पुढं आयुष्यभर एकही नवी पेशी तयार होत नाही. नव्वदाव्या वर्षी जी पेशी ऐकत असते, ती जन्माआधीपासूनची असते.

रोमपेशीच्या डोक्यावर ताठ, बारीक रोमांचा झुबका असतो. त्यांना केस म्हणतात खरं, पण ते डोक्यावरच्या केसांसारखे मेलेले धागे नसतात. अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या तंतूंनी गच्च भरलेल्या या जिवंत कांड्या असतात. बुडाशी निमुळत्या, त्यामुळे धक्का बसला की त्या वाकत नाहीत, बुडातून कलतात. उंचीप्रमाणे त्या पायऱ्यापायऱ्यांनी रचलेल्या असतात आणि प्रत्येक ठेंगण्या रोमाचं टोक शेजारच्या उंच रोमाच्या कुशीला एका धाग्यानं बांधलेलं असतं. हा धागा साधारण १५० नॅनोमीटर लांबीचा. १९८४ मध्ये पिकल्स आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो दाखवला. पुढं कळलं की त्याचा वरचा भाग कॅडहेरिन-२३ या प्रथिनाचा आणि खालचा प्रोटोकॅडहेरिन-१५ चा असतो. यांतल्या एकाच्या जनुकात मोठा दोष असेल तर मूल जन्मतः बहिरं असतं आणि पुढं हळूहळू त्याची दृष्टीही जाते. त्याला अशर सिंड्रोम म्हणतात. एवढ्याशा धाग्यावर केवढं काही टांगलेलं असतं!

झुबका उंच रोमाच्या दिशेनं कलला की धागा ताणला जातो आणि खालच्या टोकाशी असलेली वाहिनी उघडते. उलट दिशेनं कलला की धागा सैल पडतो आणि वाहिनी मिटते. मध्ये कुठलंही रसायन नाही, निरोप्या नाही. ताण आला की दार उघडलं, एवढंच. म्हणूनच हे काम काही लाखांश सेकंदांत उरकतं आणि दोन्ही कानांना आवाज पोचण्यातला एक लाखांश सेकंदाइतका फरकही ओळखून आवाज कुठून आला ते आपण सांगू शकतो. दार उघडल्यावर आत शिरतं ते पोटॅशियम. शरीरात इतरत्र पोटॅशियम पेशीच्या आत भरपूर आणि बाहेर जेमतेम असतं. इथं मात्र रोमांना वेढणारा द्रवच पोटॅशियमनं भरलेला असतो, सोडियम त्यात नावापुरतं. या द्रवाचा विद्युतदाब सुमारे अधिक ८० मिलिव्होल्ट आणि पेशीच्या आतला उणे ५० च्या आसपास. दोहोंत मिळून १३० मिलिव्होल्टची ओढ. पेशीला स्वतः जोर लावावा लागत नाही, दार किलकिलं झालं की प्रवाह आपोआप आत येतो. ही ओढ टिकवण्याचं काम शेजारच्या भिंतीवरच्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या एका पट्टीकडे असतं. रोमपेशींच्या अगदी खेटून मोठ्या रक्तवाहिन्या नसतात हेही बरंच आहे. असत्या तर नाडीचे ठोकेच ऐकत बसावं लागलं असतं.

इथपर्यंतचं गणित सरळ आहे. गुंता आहे तो बाहेरच्या तीन ओळींमध्ये.

मेंदूकडे जाणाऱ्या श्रवणतंतूंपैकी सुमारे ९५ टक्के आतल्या एकाच ओळीला जोडलेले असतात. एकेका आतल्या पेशीला दहा ते तीस तंतू. बाहेरच्या १२,००० पेशींच्या वाट्याला उरलेले पाच टक्के. मग निरोप द्यायचाच नसेल तर इतक्या पेशी हव्यात कशाला, हा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत होता. गेऑर्ग फॉन बेकेशीनं बुडापेस्टच्या टेलिफोन प्रयोगशाळेत मृतांच्या कानांतल्या पटलावर चांदीचे कण टाकून, लुकलुकत्या प्रकाशात लाटा कशा धावतात ते पाहिलं होतं. उंच स्वराची लाट नळीच्या तोंडाशीच कमाल गाठते, खालच्या स्वराची लाट थेट टोकापर्यंत जाते. हे काम अफाटच, १९६१ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. पण त्यानं पाहिलेली लाट फार पसरट होती. तेवढ्या पसरट लाटेवरून जवळजवळचे दोन स्वर वेगळे ओळखणं अवघड, आणि आपण तर ते लीलया ओळखतो. १९४८ मध्ये थॉमस गोल्ड या तरुण पदार्थवैज्ञानिकानं सांगितलं की कॉक्लिया नुसती हलत नाही, ती बाहेरून आलेल्या कंपनात स्वतःची ऊर्जा ओतत असणार, आणि तसं असेल तर कानातून कधीतरी आवाज बाहेरही यायला हवा. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९७८ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड केम्पनं कानात बारीक मायक्रोफोन ठेवून टिकटिक ऐकवली, तर काही मिलिसेकंदांनी कानातून खरोखरच परतीचा आवाज आला. बेकेशीचं चुकलं नव्हतं. त्याच्यासमोरचे कान मेलेले होते, एवढंच.

हा परतीचा आवाज कोण काढतं, ते १९८५ मध्ये विल्यम ब्राउनेलनं दाखवलं. गिनीपिगच्या कानातली बाहेरच्या ओळीतली एकटी पेशी घेऊन तिला विजेचा झटका दिला की ती आखडते आणि लांबते. लांबीतला बदल चार-पाच टक्क्यांपर्यंत, तोही सेकंदाला हजारो वेळा. स्नायूंना हा वेग झेपणारा नाही. यामागचं प्रथिन २००० मध्ये सापडलं. ते प्रेस्टिन. पेशीच्या भिंतीत ते दाटीवाटीनं बसलेलं असतं आणि विद्युतदाब बदलला की त्याचा आकार बदलतो. झोक्यावरच्या मुलाला नेमक्या क्षणी बोटानं ढकललं तरी झोका उंच जातो, तशी ही पेशी पटलाच्या प्रत्येक हेलकाव्याला नेमक्या क्षणी रेटा देते. मंद आवाज त्यामुळे ४० ते ६० डेसिबलनी वाढतात. लाटेचं टोक अणकुचीदार होतं आणि जवळजवळचे स्वर सुटे होतात. आणि मुख्य म्हणजे हा रेटा फक्त मंद आवाजांना मिळतो. आवाज ९० डेसिबलच्या पुढं गेला की बाहेरच्या पेशींची मदत जवळपास संपते आणि पटल आपल्या आपण हलतं.

आता त्या बाबांकडे पाहू. वय, गोंगाट, औषधं, कशानंही बाहेरच्या पेशी गेल्या की मंद आवाजांना मिळणारा रेटा जातो. पन्नास डेसिबलपर्यंतचं काहीच ऐकू येत नाही. पण शंभर डेसिबलचा आवाज पूर्वीइतकाच शंभराचा लागतो, कारण त्याला मदत लागतच नव्हती. शून्य ते शंभर ही अख्खी पट्टी आता पन्नास ते शंभर एवढ्यात कोंबलेली असते. बोलणं पन्नासच्या जरा खाली राहिलं तर "काय?", आणि मुलीनं चिडून वीस-पंचवीस डेसिबल वाढवले की सरळ डोक्यात जातं. ऑडिओलॉजीत याला रिक्रूटमेंट म्हणतात. यात हट्टीपणाचा संबंध नाही आणि मुलीच्या उद्धटपणाचाही नाही. दुसरं नुकसान जास्त छळतं. लाटेचं टोक बोथट झालेलं असतं, त्यामुळे चार जण एकदम बोलू लागले की सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळतात. शांत खोलीत समोरासमोर छान बोलणारा माणूस समारंभात गप्प बसून राहतो, तो यामुळे.

बोलण्यात जोर असतो स्वरांना. आ, ओ, उ यांची बहुतेक ऊर्जा १,००० हर्ट्झच्या आसपास किंवा खाली असते आणि ती भरपूर असते. अर्थ मात्र व्यंजनं वाहतात. स, श, च, फ, ख, ठ ही क्षणभराची, दुबळी, उंच पट्टीची. 'स' ची बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्झच्या वर असते. नळीच्या तोंडाकडच्या, उंच स्वरांच्या पेशी मुळातच नाजूक आणि जातात त्याच आधी. परिणामी 'फाइल' चं 'आइल' होतं, 'पाठ', 'काठ', 'साठ' सगळं एकच वाटतं. आवाज पोचलेला असतो, शब्द पोचलेला नसतो. "ऐकू येतं पण कळत नाही" ही तक्रार म्हणूनच शब्दशः घ्यायला हवी. ओरडण्याचा उपाय इथंच फसतो. ओरडताना स्वर फुगतात, व्यंजनं त्या मानानं वाढत नाहीत, म्हणजे जे आधीच पुरेसं होतं तेच आणखी वाढतं. त्यापेक्षा अंतर निम्मं करावं. मोकळ्या जागेत दोन मीटरवरून एक मीटरवर आलं की घसा न ताणता सहा डेसिबल मिळतात. आधी नाव घ्यावं, मान वळू द्यावी, तोंडावर उजेड असावा, पंखा किंवा टीव्ही बंद करावा. एकदा सांगून कळलं नाही तर तेच शब्द पुन्हा न म्हणता वाक्य बदलावं. 'फाइल' नाही कळली तर 'रिपोर्टचे कागद' कळतील.

पेशी मरतात कशा, तर सगळ्यात सरधोपट मार्ग गोंगाटाचा. कामाच्या जागेसाठी अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेनं घालून दिलेला हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. ८५ डेसिबल असेल तर दिवसाला ८ तास, आणि दर ३ डेसिबलमागे वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. १०९ ला दोन मिनिटंही पुरी नाहीत. ३ डेसिबल वाढले हे कानाला फारसं जाणवत नाही, पण ऊर्जा दुप्पट झालेली असते. कानात इअरफोन घालून ऐकण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मोठ्यांना आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास आणि मुलांना ७५ डेसिबलचे ४० तास असा आहे. कानाची स्वतःची ढालही आहे. रिकिबीच्या हाडाला जोडलेला इवलासा स्नायू मोठा आवाज आला की आखडतो आणि हाडांची साखळी जखडतो. पण त्याला सावध व्हायला पंचवीसेक ते शंभरावर मिलिसेकंद लागतात. फटाका किंवा बंदुकीचा बार तोवर आत पोचून गेलेला असतो. शिवाय तो अडवतो मुख्यतः खालच्या पट्टीचे आवाज. गोंगाटानं कान गेलेल्यांच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे कुठल्या पट्टीत किती मंद स्वर ऐकू येतो याच्या आलेखावर, ४,००० हर्ट्झपाशी खड्डा दिसतो, त्याचंही कारण रचनेत आहे. बाहेरून पडद्यापर्यंतची अडीच सेंटिमीटरची बोगद्यासारखी नळी ३,००० हर्ट्झच्या आसपासचे आवाज स्वतःच फुगवते आणि सर्वाधिक इजा आवाजापेक्षा अर्धा सप्तक वर होते.

कानात घालायचे फोमचे बोळे बहुतेक जण नुसते टेकवतात आणि म्हणतात, याचा काही उपयोग नाही. बोळा आधी बोटांत वळून, सुरकुती न पडता, बारीक काडी होईपर्यंत दाबायचा. मग विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागं ओढायचा, म्हणजे वाकडी नळी सरळ होते. बोळा पटकन आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटानं धरून ठेवायचा. समोरून पाहणाऱ्याला त्याचं टोक फारसं दिसता कामा नये. आपलाच आवाज खोल, घुमल्यासारखा वाटला की तो नीट बसला असं समजावं. अर्धा बाहेर राहिलेला बोळा पाकिटावर लिहिलेल्या आकड्याच्या जवळपासही जात नाही.

कानठळ्या बसवणाऱ्या रात्रीनंतर कानाला दडे बसतात, शिट्टी वाजत राहते आणि दुसऱ्या दिवशी सगळं ठीक वाटतं. रोमांच्या टोकांचे तुटलेले धागे एक-दोन दिवसांत पुन्हा बांधले जाऊ शकतात, हे खरं. त्यामुळे अनेक वर्षं समजूत अशी होती की ऐकू येणं परतलं म्हणजे कान वाचला. २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. दोन आठवड्यांत त्यांची चाचणी पूर्ववत आली, रोमपेशीही जागच्या जागी होत्या. मात्र उंच स्वरांच्या भागात आतल्या पेशी आणि तंतू यांच्यामधले जवळपास निम्मे सांधे गेले होते, आणि ते पुन्हा जुळले नाहीत. पुढच्या महिन्यांत त्या तंतूंच्या पेशीही हळूहळू मेल्या. जिवंत माणसाच्या कानात हे सांधे मोजता येत नाहीत, त्यामुळे माणसात याचा वाटा किती यावर अजून वाद आहेत. पण "सकाळी बरं वाटलं" हा पुरावा तेव्हापासून लंगडा पडला. फिकीर न करणाऱ्यांना हे पटवणं फार कठीण, कारण त्यांचा ऑडिओग्राम खरंच स्वच्छ येतो.

ऑडिओग्रामबद्दल माझं मत जरा कडक आहे. ते साधन चांगलं आहे, पण त्याच्यावर टाकलेला भार फार आहे. बंद खोलीत २५० ते ८,००० हर्ट्झचे शुद्ध स्वर ऐकवायचे, ऐकू आलं तर १० डेसिबल उतरायचं, नाही आलं तर ५ चढायचं, आणि चढताना निम्म्या वेळा तरी जिथं उत्तर मिळतं ती पातळी मांडायची. एवढंच ते मोजतं. २०१३ मध्ये चिंचिला या प्राण्यांवरच्या प्रयोगात आतल्या पेशींपैकी ८० टक्क्यांपर्यंत नष्ट झाल्या तरी शांततेतली ही पातळी फारशी ढळली नाही. उरलेल्या थोड्या पेशी एकटा मंद स्वर पकडायला पुरतात, गर्दीतलं वाक्य पकडायला पुरत नाहीत. म्हणून गोंगाटात वाक्यं ऐकवून घेतलेली चाचणी मागून घ्यावी. तपासणीच्या आधी कानातला मळ काढलेला असावा आणि निदान १४ तास मोठ्या आवाजापासून दूर असावं, नाहीतर थकलेल्या कानाची पातळी कायमची म्हणून नोंदली जाते. दोन कानांत बराच फरक असेल तर चांगल्या कानात सळसळाट सोडून त्याला गुंतवून ठेवावं लागतं. ते केलं नाही तर ४० डेसिबलच्या पुढचा स्वर कवटीतून पलीकडे जातो आणि चांगला कानच दुसऱ्याच्या वतीनं उत्तर देतो.

औषधांची वाट जास्त विचित्र आहे. जेंटामायसिन, अमिकासिन या गटातली प्रतिजैविकं रोमांच्या टोकावरच्या त्याच वाहिनीतून आत शिरतात, जिच्यातून आवाजाचा प्रवाह येतो. आत गेली की सहजी बाहेर पडत नाहीत. आधी बाहेरच्या ओळीतल्या, त्यातही उंच स्वरांच्या पेशी मरतात, म्हणजे ८,००० हर्ट्झपर्यंतच्या नेहमीच्या चाचणीत सुरुवातीचं नुकसान दिसतच नाही. ९,००० ते १६,००० हर्ट्झची चाचणी औषध सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक दिवसांनी केली तर ते वेळेत पकडता येतं. आईकडच्या नात्यात कुणाला इंजेक्शननंतर बहिरेपण आलं असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावं. मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला, एक दोष आईकडून येतो आणि त्यात अगदी थोडा डोसही कान घेऊन जाऊ शकतो. कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन कॉक्लियात महिनोन्‌महिने साठून राहतं. अ‍ॅस्पिरिनचे मोठे डोस मात्र पेशीला मारत नाहीत, प्रेस्टिनला अडवतात. कानात शिट्टी वाजते, ऐकणं मंदावतं आणि औषध थांबवलं की काही दिवसांत परत येतं.

एका कानाचं ऐकणं तीन दिवसांच्या आत अचानक गेलं तर ते सर्दीवर ढकलू नये. स्टेरॉइडचा उपयोग होणार असेल तर तो पहिल्या दोन आठवड्यांत होतो, जितक्या लवकर तितका बरा.

कानाचं मशीन घेतल्यावर ते कपाटात पडून राहतं, याची बहुतेक कारणं वर आलेल्या कोंबलेल्या पट्टीत आहेत. सगळेच आवाज सारखे वाढवणारं मशीन मंद आवाज ऐकवतं आणि मोठे आवाज असह्य करतं. त्यामुळे आजची यंत्रं मंद आवाज जास्त, मधले थोडे आणि मोठे जवळजवळ नाहीच असे वाढवतात. बाहेरच्या पेशी जे काम करत होत्या त्याची ही ढोबळ नक्कल. पण त्यासाठी प्रत्येक पट्टीत नुसतं 'ऐकू येतं' ही पातळी नव्हे, 'त्रास होतो' ही पातळीही मोजून यंत्रात भरावी लागते, आणि कानात बारीक नळी घालून पडद्यापाशी प्रत्यक्ष किती आवाज पोचतो ते तपासावं लागतं. कंपनीच्या तयार मांडणीवर सोडून दिलं की उंच पट्टी बहुधा कमी पडते, म्हणजे नेमकी व्यंजनंच राहून जातात. सुरुवातीला भांड्यांचा, कागदांचा आवाज टोचतो. मेंदूला तो परत नवा असतो. रोज वापरलं तर काही आठवड्यांत सरावतो, फक्त पाहुणे आल्यावर घातलं तर कधीच सरावत नाही. यंत्र आवाज वाढवू शकतं, बोथट झालेलं टोक पुन्हा अणकुचीदार करू शकत नाही, हेही आधीच सांगितलेलं बरं.

कोंबडीच्या बाबतीत हा सगळा खटाटोप लागत नाही. १९८८ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की आवाजानं पक्ष्यांच्या रोमपेशी मेल्या, तर शेजारच्या आधारपेशी विभागून नव्या रोमपेशी तयार करतात आणि काही आठवड्यांत ऐकणं परत येतं. माशांतही असं होतं. सस्तन प्राण्यांच्या कॉक्लियात आधारपेशी असतात, त्या फक्त जागा बुजवून टाकतात. त्यांना जागं करायचे प्रयत्न चालू आहेत, पण माणसांवरच्या चाचण्यांनी अजून फार हात दिलेला नाही. एफएक्स-३२२ या बऱ्याच गाजलेल्या औषधाची दुसऱ्या टप्प्यातली चाचणी २०२३ मध्ये अपयशी ठरली, शब्द ओळखण्यात फरक पडला नाही.

यश आलंय ते जरा वेगळ्या ठिकाणी. काही बाळांच्या रोमपेशी जन्मतः धडधाकट असतात. केम्पच्या शोधातून आलेल्या ओएई चाचणीत कानात छोटी टोपी बसवून टिकटिक ऐकवली की बाहेरच्या पेशींचा परतीचा आवाज व्यवस्थित येतो आणि बाळ 'पास' होतं. तरी बाळ ऐकत नाही. आतल्या पेशीत ओटोफर्लिन हे प्रथिन नसतं, त्यामुळे पेशीला आवाज कळतो पण तंतूकडे रसायन सोडता येत नाही. ओटोफर्लिनचं जनुक एका विषाणूवाहकात मावत नाही इतकं लांब, म्हणून ते दोन तुकड्यांत दोन वाहकांत भरून कॉक्लियात सोडतात आणि पेशीत गेल्यावर तुकडे जुळतात. शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या रुग्णालयात अशा सहा मुलांना ते दिलं गेलं. २०२४ च्या जानेवारीत निष्कर्ष छापून आले, सहापैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागलं होतं. गोंगाटानं किंवा वयानं गेलेल्या कानांना याचा उपयोग नाही, तिथं पेशीच उरलेली नसते. आणि एखाद्या बाळाच्या कानात पेशी मेली आहे की नुसती मुकी आहे, हे एकट्या ओएईवरून कळत नाही. नवजात अतिदक्षता विभागातून आलेल्या किंवा आवाजाला दाद न देणाऱ्या बाळाची ओएई 'पास' असली तरी एबीआर, म्हणजे मेंदूपर्यंत पोचणाऱ्या लहरींची चाचणी, करून घ्यावीच लागते.